ठिणगीची दांडी

उस्ताद,

परवा नातवाच्या लग्नात माझा थोरला मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "नळदुर्गात घरचा पहिला ट्रक आमच्या वडिलांचा. भंगारातला आणला आणि घरामागं स्वतःच्या हातानं चालू केला." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मी नुसती मान हलवली. घरी आल्यापासून मात्र जेवण गोड लागत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या घरचं आता इथं कुणी नाही, तरी हे तुम्हालाच लिहिलं पाहिजे असं वाटलं.

तो ट्रक अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जर्मनच्या लढाईच्या दिवसांत सोलापूरच्या एका गिरणीकडून घेतला होता. तो चालत नव्हताच. बैल जुंपून ओढत आणला, तेव्हा निजामाच्या हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात लिहिणाऱ्या मुन्शीला कळेना, याला मोटार लिहावं का लोखंड. अप्पांना आपली भुईमुगाची शेंग आपल्या गाडीतून सोलापूरला न्यायची होती. तुम्ही तेव्हा हैदराबाद रस्त्यावर एका मालकाची प्रवाशांची सर्व्हिस मोटार चालवायचात आणि शुक्रवारी नमाज झाली की आमच्याकडं यायचात. अव्वा, माझी आई, चहा करून द्यायची. तुम्ही बशी बॉनेटवर ठेवायचात आणि अर्धं अंग इंजिनात घालून काम करायचात, चहा तसाच गार व्हायचा.

मी काही पोर नव्हतो. लग्न होऊन वर्ष झालं होतं. पण घाई फार. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मी तुम्हाला न विचारता उघडलं आणि वाफेनं गळ्यापासून छातीपर्यंत भाजलो. अव्वा कोरफड लावत रडत होती आणि तुम्ही माझ्यावर ओरडत होतात, "बैलाला राग आला तर मान हलवतो, बाबा. हिला राग आलेला कळत न्हाय. हल्लू घ्यायचं, हल्लू!" पुढं स्प्रिंगचा पाटा पायावर पडून माझं नख गेलं, बॅटरीच्या पाण्यानं धोतर जळालं. दर वेळी चूक माझी असायची, आणि दर वेळी तुम्ही आधी जखम बघायचात, मग शिव्या द्यायचात.

ठिणगीची दांडी तुम्ही मला तीनदा तरी दाखवली असेल. स्टिअरिंगखाली डाव्या हाताला. ती वर असली की ठिणगी उशिरा पडते, खाली ओढली की लवकर. "गाडी चालू करायला समोरून हँडल मारताना ही वरच पाहिजे. खाली असली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मारणाऱ्याचा हात मोडतं. ध्यानात ऱ्हाईल?" मी व्हय म्हणालो होतो.

आणि तो दिवस. अप्पांनी बाजारातली चार माणसं बोलावलीत, नारळ आणलाय, ट्रकला हार घातलाय. मी आत सीटवर, नवा फेटा बांधून. तुम्ही समोर वाकून हँडल मारताय. एकदा, दोनदा, पाचदा. इंजिन नुसतं खोकतंय. अडत्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "मालक, बैल आणू का परत?" सगळे हसतात. अप्पांचं तोंड उतरतं. दांडी खाली असली की इंजिन लवकर धरतं, असं मी सोलापूरच्या मोटार अड्ड्यावर कुणाकडून तरी ऐकलं होतं. तुम्ही सांगितलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. तरी मी दांडी खाली ओढली.

मोठा बार झाला. हँडल उलटं फिरलं आणि तुम्ही खाली बसलात. तुमचा उजवा हात मनगट आणि कोपराच्या मध्ये, जिथं वाकू नये तिथं वाकला होता. मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर दांडी परत वर ढकलली. मग खाली उतरलो.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"उस्तादांचा हात घसरला," मी म्हणालो.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. कपाळावरून घाम वाहत होता. "व्हय," तुम्ही म्हणालात, "घसरला."

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, पण हाड वाकडंच बसलं. तुमची मूठ पुन्हा कधी पूर्ण मिटली नाही. मोटारीवर दुसरा ड्रायव्हर आला. गावात लोक म्हणायचे, म्हातारा झाला, नजर गेली. मी त्या गप्पांत बसलेला असायचो. अप्पांनी तुमच्याकडं ज्वारीचं पोतं पाठवलं, ते मीच पोचवलं आणि दारातूनच परत फिरलो.

महिन्याभरानं, शुक्रवार नसताना, तुम्ही हात गळ्यात बांधून आलात. मला म्हणालात, "आज हँडल तू मार." तुम्ही आत जाऊन बसलात आणि मला खिडकीशी बोलावलंत. "ही दांडी बघ. वर हाय?"

"हाय."

"हात लावून बघ."

मी लावला.

"आता मी हिला हात लावणार न्हाय. बेफिकीर मार."

एवढंच बोललात. मी हँडल घेऊन समोर गेलो. त्या वेळी तुमचे पाय धरले असते, तर घरामागं बघायलासुद्धा कुणी नव्हतं. तिसऱ्या हँडलला इंजिन चालू झालं. तुम्ही डाव्या हातानं खूण केलीत, शाबास. मी हसलो आणि अप्पांना सांगायला घरात पळालो. बाहेर आलो तर तुम्ही निघून गेला होतात.

नंतर तुम्ही लेकीकडं गुलबर्ग्याला गेलात. त्याच ट्रकात शेंग भरून मी दोनदा त्या शहरात आलो. लेकीचं घर कुठल्या मोहल्ल्यात हेही मला माहीत होतं. दोन्ही वेळा माल उतरवला आणि उजाडायच्या आत परतीला लागलो. तुम्ही वारल्याचं मला नाक्यावर एका ड्रायव्हरनं सांगितलं. चांगला माणूस, पण शेवटी हातानं दगा दिला, असं तो म्हणाला. तेव्हाही मी मान हलवली आणि ट्रक पुढं काढला.

हे पत्र धाडायला पत्ता नाही, आणि मुलाला वाचून दाखवायची हिंमत अजून होत नाही. गादीखाली ठेवीन. एक गोष्ट मात्र या कागदावरही लिहू का नको, असं सकाळपासून चाललं होतं. तो बार झाला तेव्हा, तुम्ही खाली बसायच्या आधी, एक क्षण मला वाटलं होतं की गाडी चालू झाली. आणि मला फार आनंद झाला होता, उस्ताद.