एकच बेल

रविवार, ९ मार्च

ती. भाऊजींना नमस्कार.

इकडे सगळं ठीक. ताईचा गुडघा कसा आहे? डेपोत तुम्ही माझ्याकडे पाठ करून चहा पिता, म्हणून ही विचारपूस कागदावर.

विषय तुम्ही ओळखलाच असेल. कंडक्टर बंद, तिकीट ड्रायव्हरनंच द्यायचं, ही नवी योजना. सगळ्या ड्रायव्हरांनी सह्या केल्या, तुम्ही एकटेच अडून बसलात. काळाप्रमाणे बदलावं लागतं. मशीन सोपं आहे, दोन दिवसांत हात बसेल, आणि

जाऊ दे. ही वाक्यं माझी नाहीत. साहेब म्हणाले, "घरच्या माणसाला घरच्या भाषेत लिहा. नुसती सही नको, मनापासून पाठिंबा हवा." मन काय यांच्या बापाचं आहे?

त्या सभेची मला अजून किळस येते. स्टेजवर गाडीतली घंटा टांगली होती, पाठिंबा असेल त्यानं डबल बेल द्यायची. टाळ्यांची आदल्या दिवशी तालीम झाली होती. ती मीच घेतली. छातीवर योजनेचा बिल्ला लावून पहिली डबल बेलही मीच दिली, इतकी वर्षं तुमची गाडी हलवली त्याच हातानं. तुम्ही उठून गेलात. लोक म्हणाले, मेहुणाच दोरी ओढतोय, मग आपलं काय अडलंय? रांग लागली. नंतर सगळे बिस्किटांवर तुटून पडले, मीसुद्धा.

मला ऑफिसात खुर्ची मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमची सही आणली तरच ती पक्की होणार, हे ठाऊक नसेल.

आणि ती म्हातारी आठवते ना? तिच्या पिशवीचा पट्टा मागच्या दारात अडकला होता. तुम्हाला आरशात ती दिसलीच नाही. मी एक बेल मारली म्हणून तुम्ही ब्रेक दाबलात. हे साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "असं नकारात्मक बोलायचं नाही." मी दात काढून हसलो. शी! माझीच मला शिसारी येते.

उद्या बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. पुढे काय होईल ते होवो. तुम्ही हवं तर जन्मभर बोलू नका, पण सही करू नका. ही एकच बेल समजा.

गाडी थांबवा, भाऊजी.

मागच्या दाराशी उभा,
तुमचा कंडक्टर