तीस लाख, दहा बोटं

१० ऑगस्ट, रविवार

महिन्याची बेरीज केली. पुन्हा केली. तीस लाख झाले. वर थोडे सुटे.

पोस्टात, बँकेत, आणि आठ लाख घरमालक रेवण्णांकडे लीजचे. घर सोडू तेव्हा ते आठ तसेच परत मिळणार, तोवर भाडं शून्य. तीस लाखांवर पोस्टाच्या दराने महिन्याला साडेसतरा हजार. आई आणि मी, दोघांचं सोळात भागतं. म्हणजे झालं. वय तेहतीस.

सोळाव्या वर्षी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा ठोकायच्या पॉवर प्रेसवर उभा राहिलो, ते अप्पांची तीन बोटं त्याच शेडमध्ये गेली म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं, तीस लाख आणि दहा बोटं घेऊन बाहेर पडायचं. अप्पांच्या बोटांचे मालकाने दिलेले पैसेही या तिसांत आहेत. ते वेगळे काढावेत असं मनात येतं. काढले तर तीस होत नाहीत.

आईला सांगितलं. म्हणाली, "बरं." आणि भाजी निवडत राहिली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सुपरवायझर मंजण्णाला चहाच्या वेळी सांगितलं. दसऱ्याच्या आयुधपूजेचा बोनस घेईन, मग येणार नाही.

"रिटायर? तू? माझे सासरे अठ्ठावन्नला झाले, त्यांनाही लाज वाटत होती."

दुपारपर्यंत शेडभर झालं. पाणी प्यायला गेलो तरी, "साहेब, पेन्शन जमा झालं का?"

घरी बसून काय करणार, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. काही नाही. सकाळी दोन्ही हात उशीखाली घालून झोपणार. हे कुणाला सांगितलं नाही.

२० ऑगस्ट

माझ्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. बाकीच्यांनी एक बटण टेपने कायमचं दाबून ठेवलंय. एका हाताने माल सरकवायचा, दुसऱ्याने ठोकायचं. नग जास्त, कमाई दीडपट. अप्पांच्या मशीनलाही टेप होती.

मी रोज सकाळी दोन्ही बटणं तपासतो. सुपरवायझर मं. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्या मशीनला दोन बायका. दोघींचा हात धरल्याशिवाय हलत नाही."

हसले सगळे. आठ नंबरच्या मशीनवरचा शिवराज सगळ्यात मोठ्याने. हसू देत. थोडेच दिवस.

३१ ऑगस्ट, रविवार

मामा आला होता. त्याच्या सुरेखाला मुलगा झाला, होसूरला बारसं आहे, त्याचं बोलावणं. आईने पेढा हातावर ठेवला. खाल्ला.

सुरेखाचं लग्न माझ्याशी व्हायचं होतं. लहानपणापासून सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी म्हणालो, वीस लाख होऊ देत. झाले, तेव्हा गॅस, तांदूळ, आईची औषधं, सगळं वाढलेलं होतं. म्हणून पंचवीस म्हणालो. तेव्हा ती इथेच या खोलीत उभी होती. म्हणाली, "किती झाले की पुरे, तेवढं एकदा सांग. मी थांबते." मी म्हणालो, आत्ता सांगता येणार नाही. ती हसली. पुढच्या महिन्यात मामाने होसूरचं स्थळ पक्कं केलं.

आज सांगता येतं. तीस.

मामा जाताना म्हणाला, "नोकरी सोडतोयस म्हणे? मग पोरगी कोण देईल रे तुला?"

नोकरी होती तेव्हा तरी

जाऊ दे.

२१ सप्टेंबर, रविवार

रेवण्णा सकाळीच आले. चप्पल न काढता दारातच उभे. मुलगा परत येतोय, त्याला खालचं घर हवंय. डिसेंबरात लीज संपते, वाढवणार नाहीत.

मी म्हटलं, आठ लाख?

"कोडतिनप्पा, देतो. कुठे पळून जातो का मी? स्वल्प टाइम दे."

ते गेल्यावर मी आईला म्हणालो, घाबरू नकोस, पैसे बुडत नाहीत, मी धरलेलेच आहेत.

आई म्हणाली, "ते घरात आणलेस तर आपण राहायचं कुठे?"

एवढंच म्हणाली. मी वही काढली.

ते आठ लाख मी व्याजाच्या बाजूला धरले. आणि भाडं शून्य धरलं, तेही त्याच आठ लाखांच्या जोरावर. एकच पैसा दोन्हीकडे. रेवण्णांकडे ठेवले तर व्याज नाही, काढले तर भाडं आहे. इतकी वर्षं दर महिन्याला बेरीज तपासली. बेरीज बरोबरच होती. नववीपर्यंतच्या कन्नड शाळेत बेरीज नीट शिकवली होती. मराठी अप्पांनी घरी शिकवली, अंगठा आणि करंगळीत खडू धरून, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शंभर वेळा लिहायला लावून. पैसे कुठे धरायचे ते कुणीच शिकवलं नाही.

संध्याकाळी आजूबाजूला विचारून आलो. अशाच दोन खोल्यांना बारा लाख लीज मागतात. म्हणजे हे आठ तर गेलेच, वर चार बाकीच्या बावीसांतून. उरले अठरा.

जेवलो नाही. आईने ताट झाकून ठेवलं.

२४ सप्टेंबर

आठ नंबरवर शिवराज. डाव्या हाताची दोन बोटं. मी पाठमोरा होतो. ओरडला नाही, नुसतं "अय्यो" म्हणाला, पिशवी बसमध्ये विसरल्यावर म्हणावं तसं.

मं. ने मशीन पुसून घेतली. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा चालू.

१ ऑक्टोबर, आयुधपूजा

मशीन धुतल्या, झेंडूच्या माळा, लिंबं. दारात कोहळा फोडला. वर्षातून एवढा एकच दिवस सगळे निवांत ठोकळ्याखाली हात घालतात, कुंकू लावायला. मीही घातला. तळवा टेकवून ठेवला. थंड होतं.

आठ नंबरला दोन्ही बटणांना कुंकू होतं. दाबून ठेवलेल्या बटणाच्या टेपवर.

बोनस मिळाला, मिठाईचा डबा मिळाला. मं. बाजूला घेऊन म्हणाला, "रिटायर साहेब, घरमालकाचं ऐकलं मी. आठ नंबर घे. दीडपट. सहा-सात वर्षांत तुझा हिशोब बसेल. दोन बायका सांभाळत बसलास तर दहा लागतील."

तो वाईट बोलत नव्हता, हेच जास्त वाईट. मीही हेच उत्तर काढलं होतं, त्याच्या आधी.

वाटेत शिवराजकडे गेलो. हाताला मोठं बँडेज. मला पाहून म्हणाला, "ये, साहेब. बघ, मी तुझ्याआधी रिटायर झालो." त्याच्या बायकोने कॉफी दिली. मिठाईचा डबा तिथेच ठेवून आलो.

५ ऑक्टोबर, रविवार

राजीनामा लिहिला. कन्नडमध्ये, एका पानात, खाडाखोड नाही. घडी करून उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. अठरा लाखांवर साडेदहा हजार येतात. सोळात भागवणारे आम्ही दहात भागवू? आईची औषधं कुठून कापू?

आईला विचारलं, काय करू. ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या अप्पांनीही विचारलं होतं. तेव्हाही मी काही बोलले नव्हते."

त्यांनी टेप लावायची की नाही, हे विचारलं होतं. तेव्हा घरात काय चाललं होतं, मी किती वर्षांचा होतो, पुढचं विचारलं नाही. पैसे कशाला हवे होते ते माहीत आहे मला. माझी फी होती.

संध्याकाळी मं. चा फोन. मी काही बोलायच्या आत, "उद्या येताना एक टेप घेऊन ये रे, स्टोअरमधली संपली. काळी, रुंद."

कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. वीस रुपये. आजचा खर्च लिहायला बसलोय. बाकी सगळं लिहून झालं. हे वीस कुठल्या खात्यात धरायचे ते ठरत नाही.