पट्टीवरचं कुंकू

तळवली. दसऱ्याचा दुसरा दिवस, १९६८. संध्याकाळ.

बोटं अजून लाल आहेत. कारखान्यातला कॉम्प्युटर आज सुरू झाला नाही, आणि आता होईल असं वाटतही नाही.

सुरू करताना त्याला काहीच ठाऊक नसतं. आधी मी खटके खालीवर करून चार सूचना हाताने भरतो. मग त्या सूचना भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचून मुख्य प्रोग्रॅम मेमरीत आणतात. आज पट्टी मध्येच अडली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. बघतो तर कुंकू. भोकं बुजून गेलेली.

खंडेनवमीला आमच्या फिटर धर्माकाकांनी यंत्राबरोबर पट्टीचीही पूजा केली होती. विचारलं तर म्हणाले, "तिला कुकू लावाला नको का? तीबी लक्षुमीच हाय."

ओल्या फडक्याने पुसायला गेलो आणि कागदच फाटला. दुसरी पट्टी नाही. परदेशातून येईपर्यंत साहेब थांबतील? का यंत्रच परत पाठवतील? मग माझं काय?

साबणानेही हा लाल रंग जात नाही.

निघताना मागे वळून पाहिलं. धर्माकाका चपला काढून त्या फाटक्या पट्टीला हात जोडत होते.