पुष्पाची वाटी

बुधवार, कात्रप, दिवेलागण

नात इंग्रजीचा अभ्यास करत बसलेली. फ्रँक या शब्दाला जवळचे शब्द लिहायचे होते. ब्लंट, डायरेक्ट, असलं काय काय लिहिलं तिने. मग वाक्यात उपयोग करायचा होता, तर लिहिलं की माझी आजी फ्रँक आहे. मी विचारलं, म्हणजे काय गं? "म्हणजे तू तोंडावर बोलतेस. चांगलं असतं ते."

चांगलं कसलं. तेव्हापासून समोरच्या पुष्पाची वाटी डोळ्यापुढून हलत नाही.

आजारी असून खीर घेऊन आली होती. म्हणाली, "ताई, मी बरी होईन ना?" मी म्हटलं, "पुष्पे, आरशात बघ जरा. पोरीचं लग्न उरकून घे." खोटं बोलले का? नाही. ती हसली पण. म्हणाली, "तुम्हीच एक खरं बोललात." परत माझं दार वाजवलं नाही. महिन्याभरात गेली.

वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून ठेवून घेतली होती. लाडू घालून देणार होते. दार समोरच, चार पावलांवर. तोंडावर बोलणारी मी, त्या महिन्यात चार पावलं टाकली नाहीत. कशाला घाबरले?

आज परत घासली वाटी. वर तिचं नाव कोरलंय, ते घासून जात नाही.

नातीला म्हटलं, ते वाक्य खोड.

म्हणाली, "आजी, पेनने लिहिलंय."