मामांची उजवीकडची खालची दाढ

तीर्थरूप तोकुजीमामांना कुनिहिकोचा वाकून नमस्कार.

तोक्योत पावसाळी दिवस सुरू झाले. छत्र्या वाळत नाहीत. तुमचा गुडघा कसा आहे? हिसानोमामींनी आलुबुखार खारवायला घातले का? आणि तुमची उजवीकडची खालची दाढ बरी आहे ना? (सहज विचारतो.)

मी दंतमहाविद्यालयात नक्की करतो काय, असं तुम्ही दर नववर्षाला विचारता. दात भरताना दात आणि भरण यांच्यामध्ये एक गोंद लागतो. तो माझा विषय. लावल्या दिवशी कुठलाही गोंद घट्टच असतो. लग्नाच्या दिवशी कुठला नवरा भांडतो? खरी परीक्षा पाण्याची. ते वर्षानुवर्षं सांध्यात झिरपतं आणि गोंद हळूहळू हात सोडतो. म्हणून मी उपटलेले चाळीस दात भरून एका बाटलीत, अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवले होते. दर पंधरवड्याला पाणी बदलायचं, असं दहा वर्षं. (माझ्या लग्नाच्या दिवशीही सकाळी येऊन बदललं. हे सायोकोला अजून सांगितलेलं नाही.) पुढच्या महिन्यात दहा वर्षं भरणार होती. मग यंत्राने भरण ओढून किती जोर लागतो ते मोजायचं, आणि शरद ऋतूत साप्पोरोच्या परिषदेत तो आकडा माझ्या जुन्या प्रतिस्पर्ध्यासमोर, शिरासेसमोर, ठेवायचा. माझा गोंद पाचव्या वर्षी सुटतो, असं तो छापून सांगत असतो.

दर चार जूनला आमचा विभाग काम संपलेले दात देवळात नेतो. भिक्षू मंत्र म्हणतात, आम्ही धूप लावून दातांचे आभार मानतो. या वर्षी दात गोळा करायचं काम ओगुरी बाईंकडे होतं. बाई एप्रिलपासून कार्यालयात आहेत, कामाला चोख. त्यांना माझी बाटली दिसली, तिच्यावरची दहा वर्षांपूर्वीची तारीख दिसली, आणि त्यांचं काळीज कळवळलं. "दहा वर्षं राबतायत बिचारे, कुणाला आठवणसुद्धा नाही," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. मी काळा कोट घालून पहिल्या रांगेत होतो. माझ्याच दातांपुढे वाकलो, त्यांचे मनापासून आभार मानले, आणि दुपारी पाणी बदलायला गेलो तर बाटली नाही.

धावत देवळात गेलो. दात स्मारकाच्या दगडाखालच्या खड्ड्यात, हजारो दातांत मिसळलेले. भिक्षू चहा पीत होते.

"ओळखणार कसे?"

"माझ्या दातांत भरण आहे."

"अहो डॉक्टर, भरण नसलेला एक तरी काढून दाखवा. आणि सकाळी निरोप दिलात, दुपारी परत कामावर बोलावता? थोडी लाज बाळगा."

दुसऱ्या दिवशी ओगुरी बाई गोड वड्यांचा डबा घेऊन आल्या आणि इतक्या खाली वाकल्या की रागवायचं तर त्यांच्या अंबाड्यावर रागवावं लागलं असतं. वड्या चांगल्या होत्या. दाताला फार चिकटतात.

तरी मी निर्धास्त आहे. गोंद चांगला आहे. पुरावा खड्ड्यात गेला म्हणून तो वाईट होत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
कुनिहिको

ता. क. पुरावा अगदीच नाही, असं नाही. दहा वर्षांपूर्वी ते चाळीस दात भरले त्याच आठवड्यात, त्याच कुपीतल्या गोंदाने मी तुमची दाढ भरली होती. (सर्वांत टिकाऊ गोंद आहे, असं तेव्हा सांगितलं होतं. तपासणं तेवढं बाकी होतं.) म्हणजे त्या गोंदाचा शेवटचा सांधा आता तुमच्या तोंडात आहे. मी शनिवारी येतो. तोवर सुका माकूळ किंवा तसली दुसरी चिवट मासळी चावू नका, दुसऱ्या दंतवैद्याकडे जाऊ नका. मी फक्त बघेन, ओढणार नाही.

आणखी एक. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात मामींचा फोन आला. दाढ मंगळवारी मुळासकट पडली म्हणे, माकूळ खाताना. मी भरणाचं विचारलं. "ते कुठे जातंय? दात गेला, तुझं भरण नाही गेलं!" मी खुर्चीवरून उठलोच. दाढ कुठे आहे? "अरे, खालचा दात कुठे टाकतात? छपरावर. नवा वर वाढायला नको का?" मामी, त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, म्हटलं. "मग? रीत ती रीत."

मामा, तुम्ही शिडीवर चढू नका. मी चढतो. कावळे तेवढे हाकला. पाऊस पडला तर पडू द्या. पाण्याला माझा गोंद भीत नाही.