माझ्या लेव्हलचं लिनक्स

१६ सप्टेंबर
विंडोजचे अपडेट बंद होऊन राह्यले. नवं विंडोज माझ्या जुन्या मशीनले झेपत नाही. इथल्या कोर्टाचं काम हिंदीत, कोर्टासमोरच्या टेबलावर हिंदी शपथपत्रं टाइप करून माझं पोट चालते, मशीन बंद तर मी बंद. विलासले फोन केला. सख्खा भाऊ कॉम्प्युटर क्लास चालवते, मग दुसऱ्याकडे काहून जाऊ? म्हणाला, "ताई, विंडोज काढून लिनक्स टाकून देतो. टेन्शन नको."

१९ सप्टें.
विलास येऊन गेला. मशीन सारी पुसून आर्च नावाचं लिनक्स टाकलं. "असली लिनक्स हेच. बाकीचे सारे बच्चोंवाले."
माझ्याच्यानं होईल का, विचारलं.
"शिकशील ना. मी तर क्लासमधे सांगूनही टाकलं, माझी ताई आर्च चालवते."
जुन्या मसुद्यांचं विचारलं. "कॉपी करून घेतले ना. किती विचारतेस!"

२२ सप्टें.
कृतिदेव फॉन्ट नाही. माझी बोटं त्याच्याच हिंदीवर बसलेली, जन्म गेला. विलास म्हणते, इंग्रजी अक्षरात लिही, आपोआप हिंदी होते. होते, पण एका ओळीले चहा पिऊन व्हावा.
शपथपत्रासाठी आलेला लालबर्ऱ्याचा माणूस वाट पाहून पाहून बाजूच्या टेबलावर गेला, तिवारीजींकडे. ते मले म्हणाले, "क्या हुआ मैडम, मशीन बीमार है?" हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

२५ सप्टें.
त्यानं सांगितलं तसंच अपडेट केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, बस. फोन लावला.
"काय दाबलं तू?"
"तू सांगितलं ते."
"ताई, तुझी लेव्हलच नाही ना!"
मागून पोरं हसली. फोन स्पीकरवर होता. क्लास चालू होता.

२७ सप्टें.
मसुदे गेले. विलासनं ज्या डिस्कवर कॉपी केले म्हटलं, तिच्यावर काहीच नाही. "राहून गेलं वाटते."
वाटते!
वारस नोंद, नाव दुरुस्ती, किरायानामा. एकेक ओळ वकिलांच्या शिव्या खाऊन बसवलेली. "इतकं काय त्यात? नेटवर भेटते सारं."
रडले नाही. आधीच घासलेली भांडी पुन्हा घासली.

२ ऑक्टोबर
कोर्ट बंद. दिवसभर मोबाइलवर वाचलं, कोणतं लिनक्स कोणासाठी. सगळीकडे पहिला सवाल एकच: तुम्ही नवशिके, मधले, की उस्ताद? तिथंच अडकले. डोळे मिटून शपथपत्र टाइप करणारी बाई कोणत्या खान्यात?
शेवटी नवशिके. त्यांच्यासाठी मिंट नावाचं लिनक्स. लिहिलं होतं, आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा, नाही जमलं तर टाकू नका, मशीनमधलं काही जात नाही.
म्हणजे काही पुसायची गरजच नव्हती. आधी पाहता आलं असतं. हे त्याले माहीत नसेल?

५ ऑक्टो.
एकटीनं टाकलं. कृतिदेव बसला. पहिलं वाक्य: मैं शपथपूर्वक कथन करती हूँ कि. बोटं धावली.
खुशी व्हायले पाहिजे होती. राग आला. इतकं सोपं होतं.

९ ऑक्टो.
विलासले कळलं. "बच्चोंवाला टाकला? मी क्लासमधे काय तोंड दाखवू?"
मी म्हटलं, "न् मी कोर्टात काय दाखवत होती?"
फोन कट. मसुद्यांबद्दल एक शब्द नाही.

२३ ऑक्टो. भाऊबीज
ताट करून बसले. आला नाही. त्याच्या बायकोचा फोन: "त्याईले क्लास आहे ना आज."
भाऊबीजेले क्लास. बरं.

११ नोव्हेंबर
आज विलास टेबलावर आला. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मले वाटलं, बोलायले आला.
"चालते का नीट?"
"हौ."
मग पिशवीतून वकिलाचा कच्चा कागद काढला. हक त्याग. लामत्याचं बाबांचं घर, माझा हिस्सा त्याच्या नावे. "बाहेरच्याकडून कशाले? तूच टाइप कर, तूच सही कर."
मी म्हटलं, "आधी वाचते."
"तुले त्यातलं नाही समजत ताई. वकिलानं लिहिलं तसं उतरव फक्त."
किती बहिणींचे हक त्याग या टेबलावर टाइप झाले. भाऊ शेजारी उभा, बहीण खाली मान घालून. एकीनंही म्हटलं नाही, बाई, वाचून दाखवा. मीही कधी दाखवलं नाही.
त्याले म्हटलं, कागद ठेवून जा. स्टूल सरकवून उठला, गेला.
टाइप करायले घेतलं. मशीन मक्खन चालते. "मैं अपनी स्वेच्छा से, बिना किसी दबाव के" इथपर्यंत आले.
पुढं टाइप केलं नाही.