फोडण्याआधी फिरवून बघ

गापो गाव, ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थरूप दादास, धाकट्या इन-बेचा वाकून नमस्कार. (कागदावर वाकायला आमच्या पाळकसाहेबांची हरकत नाही, मी विचारून घेतलंय.)

तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? चिंजूला अजून गारठा असेल, सकाळी कान बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. तुझी कंबर कशी आहे तेही कळव. कंबर का विचारतोय ते पुढे येईलच. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे ओक-सिम बरी आहे आणि मी तिच्या तावडीत आहे.

आता मूळ विषय. मागच्या चुसोकला, सुगीच्या सणात, जेवणाच्या ताटावर तू मला म्हणालास, "तुमच्या चर्चला चालत नाही म्हणून पूर्वजांपुढे कपाळ टेकायचं नसेल तर नको टेकूस, पण वसंतात हान्सिकच्या दिवशी आईबाबांच्या कबरींवरचं गवत काढायला आला नाहीस, तर मला भाऊ नाही असं समजेन." मी म्हटलं होतं, येतो. शब्द दिला होता. आणि परवा सकाळभर तू विळा घेऊन टेकडीवर एकटा वाट बघत बसलास. दादा, आधी शिव्या दे, मग पुढे वाच. पण वाच.

यंदा मेलं कॅलेंडरच आडवं आलं! हान्सिक आणि ईस्टर एकाच रविवारी. मी हिशेब केला होता की पहाटेची प्रार्थना आटपायची, अंडी वाटायची आणि आठच्या बसने टेकडी गाठायची. तुला ठाऊक आहे, ईस्टरला आमचं चर्च गावातल्या एकूण एक घरी माणशी दोन-दोन उकडलेली अंडी देतं. देवळात जाणाऱ्यांनाही देतं, कुठेच न जाणाऱ्यांनाही देतं. शनिवारी बायकांनी चर्चच्या स्वयंपाकघरात मोठी कढई चढवली आणि मला एकच काम दिलं. अंड्यावर हसऱ्या मेंढीचं चित्र असलेली प्लास्टिकची नळीसारखी झालर चढवायची, झाऱ्यात धरून उकळत्या पाण्यात बुचकळायचं, की झालर आवळून बसते. (आपली अंडी तपकिरी, त्यावर रंग कुठला चढायला!) बायका गाण्याच्या तालमीला गेल्या आणि मी बसलो. बाबांनी जाळी विणताना बसावं तसा बसलो, मान वर केली नाही. बारा ट्रे, तीनशे साठ अंडी, एकही मेंढी तिरकी नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ओक-सिमने पहिल्यांदा चारचौघींसमोर माझं कौतुक केलं. त्यातले शेवटचे तीन ट्रे अजून उकडायचे होते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे नव्वद कच्ची अंडी, दादा, नव्वद हसऱ्या मेंढ्यांच्या आत, बाकीच्यांत मिसळून. रविवारी पहाटे बायकांनी ती दारोदार वाटूनही टाकली. प्रार्थना झाल्यावर अंगणात आमचे ज्येष्ठ पंच बांगसाहेब पुढे आले. दरवर्षी पहिलं अंडं ते आपल्या कपाळावर फोडतात, आणि कपाळ काय आहे म्हणतोस, दोन अंडी शेजारी मावतील! सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून तयार. फट्! पिवळा बलक चष्म्यावरून, मिशीवरून ओघळत नव्या टायपर्यंत गेला. अंगणात कोणी हसेना. बांगसाहेबांनी जिभेने मिशी चाखली आणि शांतपणे म्हणाले, "मीठ कमी आहे." मग मात्र पाळकसाहेबांनाही भिंत धरावी लागली.

ओक-सिम हसली नाही. ती म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात? म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कपाळावर आपटून घ्यायच्या आत निघा! घरोघरी जा."

"माझी आठची बस?"

"बस पुन्हा येईल. मेंढ्या तुम्ही बांधल्यात, तुम्हीच सोडवा."

बासष्ट घरं, दादा. कच्चं की उकडलेलं ते झालरीवरून कळत नाही, पण फिरवलं की कळतं. उकडलेलं भोवऱ्यासारखं गरगरतं, कच्चं दारुड्यासारखं झोकांड्या खातं. मी प्रत्येकाच्या ओसरीवर उकिडवा बसून अंडी फिरवत सुटलो. पाचव्या घरापर्यंत गावात बातमी पसरली की चर्चवाले अंड्यावर भविष्य बघायला लागलेत. गाप-बुन आजी आठवते ना, लसणाच्या शेताजवळची, आता चौऱ्याऐंशीची आहे? तिने मला हात धरून बसवलं. पहिलं अंडं झकास फिरलं.

"बरं निघालं का रे माझं?"

"चांगलं आहे, आजी."

"मग आता गुडघ्याचं बघ."

गुडघ्याचं अंडं लडखडलं. आजीने मान हलवली, "खरंय बाई, खरंय," म्हणाली आणि मला वाळकी मासळी पुरचुंडीत बांधून दिली. मी कच्चं अंडं बदलून देत होतो तेवढ्यात तिने विचारलं, "आज हान्सिक ना? तू टेकडीवर नाही गेलास? तुझा भाऊ सकाळीच वर जाताना दिसला म्हणे, एकटाच." मी पिशवीत दुसरं अंडं शोधू लागलो. तर म्हातारी म्हणते, "अंडं फोडायला कपाळ चालतं तुम्हा लोकांना. आईबापापुढे मात्र जड होतं, होय रे?"

पुढची वीस घरं मी काय फिरवलं ते मला आठवत नाही.

दुपारची बसही गेली. चारची मिळाली. टेकडी चढलो तेव्हा ऊन पाईनच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि तू निघून गेला होतास. बाबांची कबर तू हजामत केल्यासारखी साफ केली होतीस. आणि आईची अर्धी! उजवी बाजू स्वच्छ, डावीकडे गुडघाभर गवत, मधोमध सरळ रेघ, आणि रेघेवर विळा रोवलेला. मला आधी संतापच आला. म्हटलं, माझ्यावरचा राग आईवर काढलास होय? अर्धवट टाकून गेलास? चांगला पाच मिनिटं तुला मोठ्याने बोललो. (काय बोललो ते लिहीत नाही, रविवार होता.)

मग खिशातलं अंडं टोचलं म्हणून बाहेर काढलं, आणि सगळं आठवलं. शाळेच्या सहलीला आई एकच अंडं उकडायची. आपण भांडू नये म्हणून सुईतला दोरा काढून मधोमध कापायची, तुला उजवं, मला डावं. एकदा मी आजारी पडून सहलीला आलो नाही, तर तू माझं डावं दिवसभर रुमालात सांभाळून संध्याकाळी घरी आणलंस. चेंदामेंदा झाला होता त्याचा. मी तुझ्यावर ओरडलो होतो.

दादा, मी तिथे रडलो. मग विळा घेतला आणि माझं अर्धं काढलं.

वहिनींना नमस्कार. तुझं उरलेलं बोलणं मी पुढच्या भेटीत ऐकून घेईन.

तुझा धाकटा,
इन-बे

ता. क. ओक-सिमने पत्र वाचलं. ती म्हणते, लिहा की कच्च्या तीन ट्रेना तांबडी दोरी बांधली होती, तीनदा सांगितलं होतं, आणि तुमचा चष्मा फ्रीजवर होता. दोरी मला सणाची सजावट वाटली. मी ती सोडून नीट गुंडाळून ठेवली होती.

ता. क. २. सोबत गाप-बुन आजीची मासळी आणि सहा अंडी पाठवतोय. सगळी मी स्वतः उकडली आहेत, म्हणून फोडण्याआधी फिरवून बघ.

ता. क. ३. वहिनींचा कालच फोन आला होता. तुझ्या कमरेत उसण भरली म्हणून काम अर्धं राहिलं, असं काहीतरी सांगत होत्या. मी ऐकू येत नाही असं सांगून फोन ठेवला. ते कारण खरं असलं तरी तू मला कळवू नकोस.

ता. क. ४. खरं तर एवढंच विचारायला पत्र लिहायला बसलो. चुसोकला येऊ ना? तू पुढे उभा राहून कपाळ टेक, मी तुझ्या मागे असेन. फक्त टेकताना मागे वळून बघू नकोस.